आपल्या भागाचं संगीत रेडिओ स्टेशन: पहिल्या यादीपासून पहिल्या प्रसारणापर्यंत

ट्रान्समीटर सगळ्यात शेवटी विकत घ्या. नवं रेडिओ स्टेशन काढायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो, आणि बहुतेकांनी तोवर ट्रान्समीटरची चौकशी करून ठेवलेली असते. मनोरा, अँटेना, स्टुडिओच्या दारावरचा लाल दिवा हेच डोळ्यांना दिसतं, म्हणून मन तिकडे धावतं. श्रोत्याला मात्र यातलं काहीच दिसत नाही. त्याच्यापर्यंत पोचतं ते गाणं, दोन गाण्यांमधला माणसाचा आवाज आणि काही बिघडलंच तर शांतता.

एका छोट्या संगीत स्टेशनच्या उभारणीत मी पहिल्या अर्जापासून होतो. नंतर आणखी दोन ठिकाणी मदतीला गेलो. तिन्ही अनुभवांतून माझं एक मत पक्कं झालं आहे: स्टेशन लोकांसाठी सुरू होण्याआधी महिनाभर बंद दाराआड पूर्ण वेळ चाललं पाहिजे. या लेखातल्या सगळ्या पायऱ्या त्या बंद महिन्यापर्यंत नेण्यासाठी आहेत.

पायरी १: कोणाच्या कानांसाठी, ते ठरवा

"सगळ्यांसाठी सगळं" असं ठरवलं, की कोणासाठीच काही होत नाही. कोरा कागद घ्या आणि पन्नास गाण्यांची यादी करा. निकष एकच: रेडिओची सुई फिरवताना कोणाच्या कानावर यातली लागोपाठ तीन गाणी पडली, तर "हे आपलं स्टेशन" असं त्याला वाटलं पाहिजे. मग दुसरी यादी करा, तुम्हाला मनापासून आवडणाऱ्या पण या स्टेशनवर न लागणाऱ्या गाण्यांची. ही दुसरी यादी करताना गटात भांडणं होतात. ती आत्ताच झालेली बरी, कारण प्रसारण सुरू झाल्यावर तीच भांडणं प्लेलिस्टमधून ऐकू येतात.

आपल्या भागात आधीपासून ऐकू येणारी स्टेशनं एक पूर्ण दिवस ऐका आणि लागलेलं प्रत्येक गाणं वेळेसकट लिहून काढा. काम कंटाळवाणं आहे, पण संध्याकाळपर्यंत त्या कागदावर मोकळी जागा दिसायला लागते. कोणत्या वेळी सगळी स्टेशनं एकाच प्रकारचं काहीतरी वाजवतात, कोणत्या भाषेतलं किंवा कोणत्या काळातलं संगीत कोणीच लावत नाही, स्थानिक गायक-वादकांचं एकही ध्वनिमुद्रण दिवसभरात ऐकू येत नाही. तुमचं स्टेशन त्या मोकळ्या जागेत उभं राहायला हवं.

लोकांना विचारताना "तुम्हाला कोणतं संगीत आवडतं?" असं विचारू नका, कारण या प्रश्नाला माणूस शोभेलसं उत्तर देतो. "काल काम करताना काय लावलं होतं?" असं विचारा.

पायरी २: दोन परवानग्या, दोन वेगळ्या वाटा

कागदपत्रांना महिने लागतात, त्यामुळे अर्ज लवकर करा आणि बाकीची कामं त्या काळात उरका.

पहिली परवानगी लहरींची. जगातल्या बहुतेक देशांत एफएम प्रसारण ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ या पट्ट्यात चालतं (जपानमध्ये तो ७६ पासून सुरू होतो), आणि त्यातली कोणती जागा कोणाला द्यायची हे देशाचा नियामक ठरवतो. व्यावसायिक, सामुदायिक, शैक्षणिक, अल्पकालीन असे परवान्यांचे प्रकार देशागणिक बदलतात. अर्ज करण्याआधी स्वतःला विचारा की जाहिरातींवर चालायचं आहे की वर्गणी-देणग्यांवर, कारण काही प्रकारच्या परवान्यांत जाहिरातींवर मर्यादा असतात.

परवान्याशिवाय "नुसती चाचणी म्हणून" पाच मिनिटंही प्रक्षेपण करू नका. यामागे दंडापेक्षा मोठं कारण आहे. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांच्या दिशादर्शनाचा आणि संभाषणाचा पट्टा सुरू होतो, तो १३७ पर्यंत जातो. स्वस्त, गाळणी नसलेला ट्रान्समीटर ठरलेल्या जागेबरोबर आजूबाजूलाही नको त्या लहरी फेकतो. त्या वैमानिकाच्या कानात जाऊ शकतात.

दुसरी परवानगी गाण्यांची. इथे बहुतेक नवे लोक एक गोष्ट विसरतात: एका गाण्यात दोन वेगवेगळे हक्क असतात. शब्द आणि चाल यांचा हक्क गीतकार-संगीतकारांचा किंवा त्यांच्या प्रकाशकाचा, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ते ज्याने काढलं त्याचा. ते गोळा करणाऱ्या संस्थाही बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या असतात. तुमच्या देशात कोणती संस्था कोणता हक्क सांभाळते हे लेखी विचारून घ्या. एफएमवर वाजवण्याची परवानगी मिळाली म्हणजे तेच प्रसारण इंटरनेटवर सोडण्याची मिळाली असं नसतं, त्यासाठी बहुधा वेगळा करार लागतो. शिवाय कोणतं गाणं कधी वाजलं याची नोंद अनेक संस्था मागतात. ती पहिल्या दिवसापासून आपोआप व्हायला हवी. वर्षाअखेरीस आठवून लिहिता येत नाही.

स्थानिक कलाकार ओळखीचे असतात, म्हणून त्यांच्या बाबतीत कागद करायचा राहून जातो. असं होऊ देऊ नका. एक पानाचं साधं पत्र पुरतं: गाण्याचं नाव, शब्द कोणाचे, चाल कोणाची, ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचं, एफएमवर आणि इंटरनेटवर वाजवायला संमती आहे का, आणि सह्या. बँडमध्ये पाच जण असतील तर पाचही जणांच्या सह्या घ्या, कारण बँड फुटतात.

पायरी ३: आवाज कुठवर पोचणार

एफएमच्या लहरी साधारण सरळ रेषेत जातात, म्हणून इथे ताकदीपेक्षा उंची जास्त कामाची. अंदाजाचं सूत्र सोपं आहे: अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा. २५ मीटर उंचीला साधारण २१ किलोमीटरवर क्षितिज येतं, १०० मीटरला ४१ किलोमीटरवर. म्हणजे अंतर दुप्पट करायला उंची चौपट लागते. ही उंची सभोवतालच्या जमिनीच्या तुलनेत धरायची, त्यामुळे टेकडीवरचा छोटा खांब सखल भागातल्या उंच मनोऱ्याला सहज मागे टाकतो. मध्ये डोंगर किंवा उंच इमारतींची रांग असेल तर त्यांच्या सावलीत आवाज खरखरतो. त्या सावल्या आधीच नकाशावर काढून ठेवा.

ताकद वाढवण्याचा हिशोबही असाच महाग आहे. एखाद्या ठिकाणी लहरींची तीव्रता दुप्पट करायची तर ट्रान्समीटरची ताकद चौपट करावी लागते. त्याउलट खराब केबलमध्ये ३ डेसिबलचं नुकसान झालं, तर अर्धी ताकद केबल गरम करण्यातच जाते. पैसे मोजकेच असतील तर ते चांगली केबल, नीट बसवलेले कनेक्टर आणि थोडी जास्त उंची यांवर घाला. ताकदवान यंत्र नंतर घेता येतं.

अँटेना उभ्या किंवा वर्तुळाकार ध्रुवीकरणाची (लहरी उभ्या किंवा गोल फिरत जातील अशी) घ्या, कारण गाड्यांच्या आणि हातातल्या रेडिओंच्या अँटेना बहुतेक उभ्या असतात. बसवल्यावर परत फिरणारी ताकद मोजा. स्टँडिंग वेव्हचं गुणोत्तर (हे त्या परत फिरणाऱ्या ताकदीचं माप) १.५ असेल तर साधारण ४ टक्के ताकद परत येते, ३ असेल तर तब्बल २५ टक्के, आणि ती ट्रान्समीटरलाच भाजते. अँटेना किंवा डमी लोड (अँटेनाच्या जागी जोडायचा, ताकद शोषून घेणारा भाग) जोडल्याशिवाय ट्रान्समीटर कधीच सुरू करू नका. मनोऱ्यावर माणूस चढलेला असताना प्रक्षेपण पूर्ण बंद ठेवा आणि स्विचची किल्ली चढणाऱ्याच्याच खिशात द्या.

पायरी ४: खोली

मोठा स्टुडिओ लागत नाही, शांत खोली लागते. खोलीच्या मधोमध उभं राहून एकदा जोरात टाळी वाजवा. टाळीमागून "टर्रर्र" असा झणझणता आवाज आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवत आहेत. एका भिंतीला जाड शोषक पट्टे लावले की तो जातो. बाजारात मिळणारा पातळ फोम फक्त वरचे सूर शोषतो आणि आवाज डब्यातून आल्यासारखा घुमा करतो. पाच ते दहा सेंटिमीटर जाडीची खनिज लोकर कापडात गुंडाळून लाकडी चौकटीत बसवली, तर काम पुष्कळ चांगलं होतं. पुस्तकांनी भरलेलं कपाटही मदत करतं.

बाहेरचा आवाज आत न येणं ही मात्र निराळी गोष्ट आहे आणि त्यावर फोमचा काही उपयोग नाही. तिथे जड दार, दाराच्या चारी कडांना रबर आणि रस्त्यापासून लांबची खोली हेच उपाय. पंखा आणि संगणकाचा आवाज मायक्रोफोन बरोबर पकडतो, म्हणून संगणक खोलीबाहेर ठेवा.

पायरी ५: आवाजाची साखळी

मायक्रोफोनपासून अँटेनापर्यंत प्रत्येक कडी कागदावर काढा. मायक्रोफोन, मिक्सर, प्लेआउटचा (गाणी क्रमाने वाजवणारा) संगणक, प्रोसेसर (आवाजाची पातळी सांभाळणारं यंत्र), स्टुडिओ ते ट्रान्समीटर जोडणी, ट्रान्समीटर. प्रत्येक कडीखाली लिहा: ही बंद पडली तर काय? ज्या कडीखाली उत्तर सुचणार नाही, तिथे तुमचं स्टेशन एक ना एक दिवस गप्प होणार आहे.

न सजवलेल्या खोलीत डायनॅमिक मायक्रोफोन घ्या, तो खोलीपेक्षा तोंडाचा आवाज जास्त घेतो. तोंडापासून चार बोटं अंतर, आणि मायक्रोफोन ओठांच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला, म्हणजे "प" आणि "भ" फुटत नाहीत. मायक्रोफोनचा फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकपट्टी) वर गेला की स्टुडिओतले स्पीकर आपोआप बंद झाले पाहिजेत, नाहीतर शिट्टी वाजते.

सॉफ्टवेअरवर सुरुवातीला खर्च करायची गरज नाही. वेळापत्रकाप्रमाणे गाणी लावायला लिब्रटाइम, प्रवाह (स्ट्रीम) जोडायला आणि एक बंद पडला की दुसऱ्यावर उडी मारायला लिक्विडसोप, इंटरनेट प्रसारणासाठी आइसकास्ट, कापाकापीला ऑडॅसिटी. ही सगळी मोफत आहेत. इंटरनेट प्रसारण १२८ केबीपीएसचं ठेवलं तर एक श्रोता तासाला साधारण ५८ एमबी ओढतो आणि शंभर श्रोते एकदम आले तर सुमारे १३ एमबीपीएसचा वेग लागतो. म्हणून स्टुडिओच्या जोडणीवरून प्रत्येक श्रोत्याला प्रवाह देऊ नका. एकच प्रवाह बाहेरच्या सर्व्हरला द्या आणि तिथून वाटप होऊ द्या. इंटरनेटवरचा आवाज एफएमपेक्षा कित्येक सेकंद मागे असतो, त्यामुळे वेळ सांगताना निवेदकाने सेकंदाचा आग्रह सोडावा. "आठ वाजून गेलेत" हे दोन्हीकडे खरं असतं.

एफएमच्या बाजूला दोन सेटिंग नक्की तपासा. प्री-एम्फसिस (प्रक्षेपणाआधी वरचे सूर वाढवण्याचं प्रमाण) अमेरिका खंडांत आणि दक्षिण कोरियात ७५ मायक्रोसेकंद, बाकी बहुतेक जगात ५०. चुकीचा आकडा ठेवला तर सगळी गाणी टोचरी किंवा मंद ऐकू येतात आणि कारण काही केल्या सापडत नाही. दुसरं, डीव्हिएशन (आवाजाबरोबर लहर आपल्या जागेपासून किती सरकते ते) ७५ किलोहर्ट्झच्या वर जाऊ देऊ नका. आवाज मोठा करण्याच्या हव्यासात तो शेजारच्या स्टेशनात शिरतो. आरडीएस (एफएमबरोबर मजकूर पाठवण्याची सोय) असेल तर रेडिओच्या पडद्यावर स्टेशनचं नाव फक्त आठ अक्षरांत बसवावं लागतं. नाव ठरवतानाच हे लक्षात घ्या.

पायरी ६: लायब्ररी

इथे घाई करू नका. स्टेशनचं खरं भांडवल हेच आहे.

गाणी मूळ सीडीवरून किंवा फ्लॅक (दर्जा न घटवता आकार कमी करणाऱ्या) स्वरूपात घ्या. आधीच दाबलेली (दर्जा घटवून आकार कमी केलेली) एमपी३ पुन्हा दाबून इंटरनेटवर सोडली, की टाळ्या आणि झांजा पाण्यात बुडाल्यासारख्या ऐकू येतात. जागेची चिंता नको: न दाबलेलं सीडीच्या दर्जाचं संगीत मिनिटाला साधारण साडेदहा एमबी घेतं, म्हणजे चार-चार मिनिटांची हजार गाणी ४२ जीबीत मावतात.

प्रत्येक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत माणसाने ऐकायचं, त्याला पर्याय नाही. ऐकताना सहा गोष्टी नोंदवायच्या: सुरुवातीची आणि शेवटची शांतता कापली का, गायन किती सेकंदांनी सुरू होतं, शेवट एकदम थांबतो की विरत जातो, लय संथ-मध्यम-जलद यातली कोणती, आवाज स्त्रीचा की पुरुषाचा की युगुल, आणि गाण्यात प्रसारणाला न चालणारा शब्द आहे का. गायन कितव्या सेकंदाला सुरू होतं याची नोंद सोन्यासारखी आहे. ती असली की निवेदक सुरावटीवर बोलतो आणि पहिल्या शब्दाच्या आधी अचूक थांबतो.

मग पातळी. जुनं ध्वनिमुद्रण आणि अलीकडचं गाणं यांच्या मोठेपणात सहज दहा डेसिबलचा फरक निघतो. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने २०१० मध्ये आर१२८ ही शिफारस काढली, ती वजा २३ एलयूएफएस (कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं एकक) ही पातळी धरते. तुम्ही हाच आकडा धरा किंवा दुसरा, पण सगळ्या लायब्ररीला एकच ठेवा आणि मूळ फाइलला हात न लावता प्लेआउटमध्येच तो लागू करा. जुनी स्टिरिओ गाणी एकदा मोनोत ऐकून पाहा. काहींमध्ये डाव्या-उजव्यापैकी एका बाजूची लहर उलटी (अधिकच्या जागी उणे) जोडलेली असते आणि मोनोत गायकच नाहीसा होतो. स्वयंपाकघरातले कितीतरी रेडिओ मोनोच असतात.

किती गाणी हवीत? तासाला बारा गाणी धरली तर दिवसाला २८८ लागतात. चारशे नीट निवडलेली, नीट नोंदलेली गाणी सुरुवातीला पुरतात. चार हजार न ऐकलेल्या गाण्यांपेक्षा ती नक्की बरी.

आता फेऱ्यांचं गणित, जे मला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही सगळ्यात आवडत्या गाण्यांचा एक गट केला होता: बारा गाणी, तासाला तीन. म्हणजे गट चार तासांत फिरतो. कागदावर छान दिसलं. आठवड्याने लक्षात आलं की सकाळी सव्वाआठला रोज तेच गाणं लागतंय. साहजिक होतं: दिवसात या गटाच्या ७२ जागा, ७२ ला बारांनी पूर्ण भाग जातो, त्यामुळे दुसऱ्या दिवशी रांग पुन्हा तिथूनच सुरू होते. रोज त्याच वेळी कामाला निघणाऱ्या माणसाला वाटणार की या लोकांकडे तीनच गाणी आहेत. एक गाणं वाढवून गट तेराचा केला. ७२ भागिले १३, बाकी सात. आता रांग रोज सरकते आणि सव्वाआठला तेच गाणं तेरा दिवसांनी येतं. कोणताही गट करताना हा भागाकार आधी करून पाहा.

पायरी ७: तासाचं घड्याळ

एक गोल काढा आणि त्यावर साठ मिनिटं वाटून टाका. बारा गाण्यांची साधारण ४८ मिनिटं, उरलेल्या बारांत लिंक (दोन गाण्यांमधलं निवेदन), स्टेशनची ओळख, जाहिराती आणि स्थानिक माहिती. पूर्ण तासाला स्टेशनचं नाव आणि लगेच ओळखीचं गाणं, कारण नवा श्रोता त्या वेळी येण्याची शक्यता जास्त. अनोळखी किंवा स्थानिक नवं गाणं दोन ओळखीच्या गाण्यांमध्ये ठेवा. ते मध्यरात्रीच्या एका "स्थानिक कलाकार" कार्यक्रमात कोंडू नका. आपल्या भागातलं संगीत दिवसाच्या मुख्य तासांत, नावाजलेल्या गाण्यांच्या शेजारी वाजलं, तरच स्टेशन त्या भागाचं होतं. यावर मी तडजोड करत नाही.

सकाळचं, दुपारचं आणि रात्रीचं अशी तीन घड्याळं सुरुवातीला पुरे.

पायरी ८: दोन गाण्यांच्या मध्ये

गाणी आता प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेत. लोक रेडिओ लावतात ते कोणीतरी माणूस आपल्याबरोबर तेच गाणं ऐकतो आहे म्हणून. त्यामुळे लिंक लिहायला शिकवणं हे उभारणीतलं सगळ्यात मोलाचं काम आहे.

नवा निवेदक पहिल्या दिवशी बहुधा असं बोलतो: "तर मित्रांनो, आत्ताच आपण ऐकलंत एक अतिशय सुंदर असं गाणं, आणि यानंतर आपण ऐकणार आहोत असंच एक सुमधुर गीत, तर ऐकत राहा." वीस सेकंद गेले, हाती काही लागलं नाही. असं बोलणाऱ्या एका निवेदिकेला मी म्हणालो, "ते गाणं पुन्हा ऐक आणि तुला जे ऐकू आलं ते एकच मला सांग." तिने ऐकलं आणि म्हणाली, "दुसऱ्या कडव्याआधी बासरीवाला श्वास घेतो, तो ऐकू येतो." मग लिंक अशी झाली: "दुसऱ्या कडव्याआधी बासरीवाल्याचा श्वास ऐकू आला का? ध्वनिमुद्रणात तो ठेवलाय, कापला नाही. आता येणारं गाणं गच्चीवर मुद्रित केलंय, नीट ऐकलंत तर मागे पाऊस आहे." बारा सेकंद. ऐकणारा पुढच्या गाण्यात पाऊस शोधतो आणि रेडिओ बंद करत नाही.

नियम मोजकेच ठेवा. एका लिंकमध्ये एकच गोष्ट. एका माणसाशी बोला, "सर्व श्रोत्यांनो" म्हणू नका. गायकाचं नाव घ्यायला विसरू नका, आणि ते नीट उच्चारा. उच्चार माहीत नसेल तर विचारून घ्या. गाण्याबद्दल माहिती नसेल तर विशेषणं भरू नका, नाव सांगून गप्प बसा. पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य लिहिलेलं असावं, मधलं बोललेलं.

पायरी ९: बंद महिना

आता सगळं जोडा आणि डमी लोडवर किंवा फक्त आपल्यालाच उघडणाऱ्या इंटरनेट प्रवाहावर चोवीस तास चालवा. निवेदक ठरल्या वेळी येतील, बोलतील, जातील. जाहिरातींच्या जागी खोट्या जाहिराती लावा. गटातल्या प्रत्येकाने दिवसातला कोणताही एक तास घरी ऐकायचा आणि वहीत लिहायचं: वेळ, काय खटकलं, कुठे लक्ष उडालं.

आमच्या बंद महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पहाटे दोनच्या सुमारास प्लेआउटच्या संगणकाने स्वतःहून अपडेट घेतलं आणि तो पुन्हा सुरू झाला. संगणक सुरू झाला, प्लेआउट नाही. सकाळी सहाला पहिला निवेदक आला, त्याने हेडफोन लावला आणि त्याला वाटलं की हेडफोनच बिघडलाय. चार तास स्टेशन मुकं होतं. कोणीच ऐकत नव्हतं, म्हणून त्या दिवशी आम्ही शांतपणे बसून चार गोष्टी केल्या: आपोआप अपडेट बंद, संगणक सुरू होताच प्लेआउट सुरू, साखळीच्या शेवटी शांतता ओळखणारी सोय, आणि तीस सेकंद आवाज आला नाही तर आपोआप वाजायला लागणारं दुसरं छोटं यंत्र, ज्यात सहा तासांची गाणी आणि स्टेशनची ओळख भरलेली. त्याबरोबर तिघांच्या फोनवर संदेश. हेच पहिल्या जाहीर आठवड्यात झालं असतं, तर शांतपणे विचार करायला कोणालाच उसंत मिळाली नसती.

या महिन्यात मुद्दाम बिघाड करा. वीज तोडा आणि यूपीएस किती वेळ टिकतो ते घड्याळ लावून बघा. इंटरनेटची तार काढा. निवेदकाला न कळवता गाण्याची फाइल नाहीशी करा आणि तो काय करतो ते पाहा. प्रसारणाचं सलग ध्वनिमुद्रण ठेवण्याची सोयही आत्ताच सुरू करा. अनेक देशांत ते ठरावीक काळ जपणं बंधनकारक असतं, आणि तक्रार आली तर तेच तुमच्या कामी येतं.

महिन्याअखेर सलग सात दिवस एकही अनपेक्षित शांतता आली नाही, की मग उद्‌घाटनाची तारीख जाहीर करा. आधी तारीख आणि मग तयारी असा उलटा क्रम केला, की शेवटचे तीन दिवस केबल सोल्डर करण्यात जातात.

पायरी १०: हवेत जाण्याचा आठवडा

परवान्यात मुभा असेल तर पहिले काही दिवस चाचणी प्रक्षेपण ठेवा: गाणी, आणि दर पंधरा मिनिटांनी साधं निवेदन, "ही चाचणी आहे, तुम्ही कुठून ऐकताय ते कळवा." या काळात हाती रेडिओ घेऊन स्वतः फिरा. गाडीतला रेडिओ, जुना ट्रान्झिस्टर, फोनमधला एफएम ज्याला इअरफोनची वायरच अँटेना म्हणून लागते, असे तीन प्रकार बरोबर घ्या. प्रत्येक ठिकाणी तीनच शब्दांत नोंद: स्वच्छ, खरखर, मिसळ. "मिसळ" म्हणजे दुसरं स्टेशन आत येतंय, आणि ते नियामकाला कळवायचं असतं. आवाज जेमतेम पोचतो अशा कडेच्या भागात स्टिरिओ खरखरत असेल तर मोनो लावून पाहा. मोनोला बऱ्याच कमी ताकदीच्या सिग्नलवर स्वच्छ ऐकू येतं, त्यामुळे तिथला श्रोता टिकतो.

उद्‌घाटनाच्या दिवशी भाषणं प्रसारणात घालू नका. समारंभ वेगळा करा, त्यातली दोन मिनिटं मुद्रित करून नंतर लावा. पहिला तास महिनाभर घोटलेल्या सकाळच्या घड्याळाप्रमाणेच जाऊ द्या. पहिलं गाणं आपल्या भागातल्या कलाकाराचं, ज्याची एक पानाची संमती तुमच्या फायलीत आहे. त्या कलाकाराला स्टुडिओत बोलवा, पण बोलायला लावू नका. तो शेजारी बसून आपलं गाणं हवेत जाताना ऐकतो. आमच्याकडे आलेल्या गायिकेने पूर्ण तीन मिनिटं फक्त मिक्सरवरच्या हलणाऱ्या सुयांकडे पाहिलं होतं.

पुढचे आठवडे

पहिल्या पंधरवड्यात घड्याळ बदलू नका, फोन कितीही आले तरी. फोन करणारे लोक थोडे असतात आणि त्यांची आवड सगळ्यांची नसते. बदल करायचा तो सहा आठवड्यांनी, आणि एका वेळी एकच.

दर आठवड्याला एकदा सगळ्या गटाने एकत्र बसून ध्वनिमुद्रणातला कोणताही एक तास, न थांबवता, गाण्यांसकट ऐकावा. संपल्यावर प्रत्येकाने कागदावर एकच गोष्ट लिहावी: या तासात मी रेडिओ कितव्या मिनिटाला बंद केला असता. दोन कागदांवर एकच मिनिट निघालं, तर पुढच्या आठवड्याच्या घड्याळात ती जागा बदला.